मिनी ट्रॅक्टर: इंजिन बांधायचं की एक्स्चेंजला द्यायचा? (पादरा, बडोदा)

चिकूवाडी_पादरा:
नमस्कार मंडळी. पादऱ्याजवळ सहा एकर चिकू-आंबा आहे. ट्रॅक्टर २०१२ चा, १५ एचपी, एक सिलिंडर, मीटरवर ३८०० तास. काम ओळींमधलं रोटाव्हेटर, फवारणी आणि ट्रॉली. सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो, निळा धूर येतो, २५ तासांत लिटरभर ऑइल खातो. रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद केलं की पाच मिनिटांत जमिनीला टेकतो. फिटर म्हणतो पूर्ण इंजिन बांधा (खोलून झिजलेले भाग बदला), शोरूमवाले म्हणतात जुना एक्स्चेंजला देऊन नवा घ्या. दोघांनीही अजून काही खोलून पाहिलेलं नाही. काय करावं?

नोझलवाला:
आधी तपासणी, मग निर्णय. इंजिन गरम करून आयडलवर (लोड न देता संथ) ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. झाकण थडथड उडत असेल, भकाभक वाफ येत असेल, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या बाजूने खाली गळतोय. मग नोझल (डिझेल फवारणारा भाग) काढून गेजने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घ्या, बॅटरी पूर्ण चार्ज हवी. २० किलोच्या खाली असेल तर डिझेल बंद ठेवून नोझलच्या भोकातून चमचाभर ऑइल टाका, पुन्हा मोजा. काटा चढला तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) झिजलेत, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) मात्र त्याआधीच सेट करून घ्या, नाहीतर आकडा फसवतो.

नुसत्या रिंगा टाकायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. लायनर आत अंडाकृती झालेला असतो, त्यात नव्या रिंगा बसतच नाहीत आणि महिन्याभरात धूर परत. बांधायचं तर लायनर-पिस्टन किट, रॉड आणि मेन बेअरिंग, व्हॉल्व्ह गाइड, हेड गॅस्केट, लायनरचे ओ-रिंग, ऑइल पंपाची तपासणी, असं एकत्रच करा. क्रँकशाफ्ट मायक्रोमीटरने मोजून घ्या. गरज पडली तर ०.२५ मिमी ग्राइंडिंग आणि त्याच मापाची बेअरिंग. नोझल टेस्ट बेंचवर लावून घ्यायला विसरू नका.

आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: रिंग इतकी का झिजली ते शोधा. बहुतेक वेळा कारण धूळ असते. एअर क्लीनरपासून इंजिनपर्यंतचा रबरी होज काढून आतून बोट फिरवा. बोटाला माती लागली की चोर तिथेच आहे. तो होज तसाच ठेवून नवं किट टाकलं तर एका हंगामात पैसे मातीत.

मागचा_अर्धा:
इंजिनचं वर आलंच आहे. माझ्या मते ठेवायचा की द्यायचा, हे ट्रॅक्टरच्या मागच्या भागावरून ठरतं. इंजिन नव्यासारखं होतं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचं) काम मात्र खर्च फुगवतं.

गिअर ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये काढा, त्यात चुंबक फिरवा. काळी बारीक पेस्ट चालते. चकत्या किंवा दाताचा तुकडा निघाला तर विषय गंभीर. चढावर लोड असताना गिअर सुटतो का? वळताना मागून करकर येते का?

रोटाव्हेटर उचलणाऱ्या लिफ्टचं दुखणं लहानही असू शकतं. सीटखाली लिफ्टचा वेग कमी-जास्त करायचा नॉब असेल तर उचलून तो पूर्ण बंद करा. तरीही खाली बसली तर लिफ्टच्या पिस्टनचा ओ-रिंग गेलाय किंवा सिलिंडरला चरे पडलेत. बसायची थांबली तर दोष कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये.

चिकूवाडी_पादरा:
होज पाहिला. क्लॅम्पच्या अगदी खाली अर्धा इंच चीर, वरून दिसत नव्हती. आत लालसर धूळ. झाकण उडतंय. नॉब बंद केल्यावर लिफ्ट जागेवर राहते. गिअर ऑइलमध्ये फक्त पेस्ट.

नोझलवाला:
मग बांधा. पहिले ५० तास फार जड काम नको, पण नुसता आयडलवरही ठेवू नका, रिंगा बसायला लोड लागतो. ५० तासांनी ऑइल आणि फिल्टर बदला.

मागचा_अर्धा:
लिफ्टचा कंट्रोल व्हॉल्व्ह खोलताना स्ट्रेनरही (तेल गाळणारी जाळी) धुवा.

आरसीबुक:
तरीही एक्स्चेंजचा भाव काढायचा असेल तर आधी जुना ट्रॅक्टर न दाखवता नव्याचा रोख भाव लेखी घ्या. नाहीतर डिस्काउंटच एक्स्चेंजच्या नावाने दाखवतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, त्यामुळे जुन्याचा भावही त्या प्रमाणात खालीच येणार. गुजरात सरकारच्या आय-खेडूत पोर्टलवरून सबसिडी घ्यायची तर पूर्वमंजुरी आधी, खरेदी नंतर.

कागद: २०१२ च्या गाडीची आरसी २०२७ मध्ये संपते. ठेवलात तर फॉर्म २५ भरून नूतनीकरण. दिलात तर फॉर्म २९ आणि ३० वर सही करून नाव बदललेलं स्वतः ऑनलाइन तपासा; सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तर जबाबदारी आरसीवर नाव असलेल्याची. बँकेचा बोजा आरसीवर अजून दिसत असेल तर आधी फॉर्म ३५ देऊन तो उतरवा.