मदत हवी आहे : कापूस एकाधिकार योजनेचा हिशेब कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कापूस. १९७२ पासून जवळपास तीस वर्षं महाराष्ट्रात कापूस खरेदीची मक्तेदारी सरकारकडे होती. खासगी व्यापाऱ्याला माल विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. वडील सांगतात, शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी सीमेवर गाड्या अडवल्या जायच्या, आणि इकडे चुकाऱ्यासाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशांसाठी, महिनोन्‌महिने थांबावं लागायचं. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या सभांना ते हिरिरीने जायचे, त्यामागे हाच राग होता.

योजना तोट्यात गेली आणि तो तोटा शेवटी राज्याच्या तिजोरीवर पडला, इतकं मला माहीत आहे. आता मला वर्षवार आकडे हवेत : हमी भाव किती, बाजारभाव किती, सरकारने किती भरपाई दिली. हे जुन्या अर्थसंकल्पांत कोणत्या शीर्षाखाली सापडेल? की कॅगचे जुने अहवाल पाहावेत? विधिमंडळाच्या ग्रंथालयात बाहेरच्या माणसाला प्रवेश मिळतो का?

गावातल्या तरुणांना खुल्या बाजाराबद्दल सांगायचं आहे, पण नुसत्या आठवणींवर नाही. कुणाकडे त्या काळच्या चुकाऱ्याच्या पावत्या असतील तर फोटो पाठवाल का? नाव-गाव झाकून पाठवलंत तरी चालेल.