मदत हवी आहे: रबाळे एमआयडीसीतल्या कामगारांच्या तोंडाची तपासणी, नेमकं काय बघायचं?

खाडीकाठ

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कायम आणि कंत्राटी मिळून १८० कामगार आहेत. तंबाखू, मावा, खैनी खाणारे भरपूर. आरोग्य शिबिरासाठी कंपनीने एक पूर्ण दिवस आणि कॅन्टीनचा हॉल दिला आहे. वजन, बीपी, शुगर दरवर्षी होतंच. यंदा तोंडाच्या कर्करोगाची तपासणी मनापासून करायची आहे. दोन दंतवैद्य यायला तयार आहेत. कोणती लक्षणं धरायची, साहित्य काय लागेल, कुणाला पुढे पाठवायचं आणि कुठे? एका लॅबने 'कॅन्सर मार्कर'सह रक्ततपासणीचं पॅकेज देऊ केलं आहे, ते घ्यावं का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

पारसिक

पॅकेज घेऊ नका. तोंडाचा कर्करोग शोधणारी अशी भरवशाची रक्ततपासणी नाही. सीईए, सीए-१२५ हे मार्कर (रक्तात मोजले जाणारे पदार्थ) मुख्यतः निदान झालेल्या रुग्णाच्या पाठपुराव्यात कामी येतात. रिपोर्ट नॉर्मल आला की गालात चट्टा असलेला माणूस निर्धास्त होऊन घरी जातो, हा त्यातला मोठा धोका.

त्या पैशात प्रत्येक दंतवैद्याला डोक्याला बांधायचा टॉर्च घ्या. कॅन्टीनच्या ट्यूबलाइटमध्ये गालाची मागची घडी दिसतच नाही. माणशी दोन लाकडी पट्ट्या, हातमोजे, गॉजचे तुकडे आणि मिलिमीटरच्या खुणांची पट्टी एवढं साहित्य पुरे. माणशी ४ मिनिटं धरलीत तर दोघांमध्ये १८० जणांना ६ तास लागतील. पाळीप्रमाणे वेळा आधीच वाटून द्या, नाहीतर जेवणाच्या सुट्टीत सगळे एकदम येतील आणि तपासणी 'आ करा, झालं' अशी उरकली जाईल. अशा शिबिरांत सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच.

आधी चूळ भरायला लावा, कवळी काढायला सांगा. ओठ आतून उलटवून बघा. मग दोन्ही गाल पट्टीने बाजूला ओढून पार मागेपर्यंत. मग गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच. तंबाखूची चिमूट तिथेच ठेवली जाते आणि आपल्याकडचे बरेच कर्करोग तिथेच सुरू होतात, म्हणून इथे घाई नको. त्यानंतर अक्कलदाढेच्या मागची जागा. जीभ गॉजमध्ये धरून पुढे ओढा, दोन्ही कडा बघा, जिभेखाली बघा, शेवटी टाळू. संशयास्पद जागेवर बोट फिरवा: मऊ आहे की कडक, हे डोळ्यांना कळत नाही. मग जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना गाठ चाचपा.

ही चिन्हं दिसली की पुढे पाठवण्याची चिठ्ठी द्यायचीच: पुसून न निघणारा पांढरा चट्टा, मखमली लाल चट्टा (हा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा), दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कडा उचललेली, तळ कडक असलेली जखम, हिरड्यांचा आजार नसताना हलू लागलेला दात, दात काढल्यावर न भरणारी खाच, ओठाला बधिरपणा, मानेत गाठ. कान ठीक असून एकाच बाजूचा कान दुखत असेल तर जिभेचा मागचा भाग आणि घसा दाखवायला पाठवा. "दुखत नाही" म्हणून कुणालाही सोडू नका, सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही.

तोंड किती उघडतं तेही मोजा. स्वतःची तीन बोटं उभी दातांमध्ये जात नसतील, किंवा वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर ३५ मिमीपेक्षा कमी असेल तर नोंद करा. तिखटाने आग होणं, गाल फिकट पडणं, बोटाला आतून दोरीसारखे ताठ पट्टे लागणं ही सबम्यूकस फायब्रोसिसची, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर ताठ होत जाण्याच्या आजाराची लक्षणं. त्याचं मुख्य कारण सुपारी. "तंबाखू नाही हो, नुसती सुपारी" हे उत्तर वारंवार येईल, ते सुरक्षित समजू नका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २००४ च्या मोनोग्राफने नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, पण पानमसाला आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या एकत्र करून तेच खाल्लं जातं.

उगाच घाबरवणाऱ्या गोष्टीही माहीत असू द्या. गालात दातांच्या चाव्याच्या रेषेत दिसणारी पांढरी रेघ, ओठाच्या आतले बारीक पिवळट दाणे, जिभेच्या अगदी मागे ओळीने असलेले मोठे उंचवटे हे सगळं नैसर्गिक आहे.

तिसरी_पाळी

पारसिक यांनी बघायचं कसं ते सांगितलं, मी विचारायचं कसं ते सांगते. "व्यसन आहे का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. "तोंडात काय ठेवता? कुठल्या बाजूला? झोपतानाही असतं का? किती वर्षं?" असं विचारा. उत्तर भारतातल्या कामगारांना खैनी, सुर्ती, गुल ही नावं घेऊनच विचारावं लागतं. साफसफाईच्या बायकांना मिश्रीचं वेगळं विचारा. त्यांच्या लेखी ते दात घासणं आहे, तंबाखू नव्हे. दारूचंही विचारा, तंबाखूसोबत दारू असली की धोका गुणाकाराने वाढतो. सोडलेल्यांनाही तपासा. आणि कृपा करून सुपरवायझरला टेबलाजवळ बसवू नका.

खाडीकाठ

खूप आभार. व्यवस्थापन विचारतंय, "किती जण सापडतील?" काय सांगू?

वाशी_पूल

आकडा कबूल करू नका. ग्लोबोकॅन या जगभरातल्या कर्करोगाच्या आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण, त्यात ओठ आणि तोंडाचे सुमारे १.४४ लाख. पुरुषांमध्ये हाच पहिल्या क्रमांकावर. पण हा अख्ख्या देशाचा आकडा, १८० जणांत एकही रुग्ण न निघणं अगदी शक्य आहे. कर्करोगाआधीचे चट्टे आणि कमी उघडणारी तोंडं मात्र त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतील, आणि शिबिर त्यांच्यासाठीच आहे. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे होते. त्या सरासरीनेही तुमच्याकडे ४४ जण होतात, कारखान्यात त्याहून जास्त असू शकतात.

नुसत्या डोळ्यांनी बघून काय होणार, असंही कुणी म्हणेल. केरळमध्ये १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य सेवकांनी दर तीन वर्षांनी अशीच तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. २००५ मध्ये हे लॅन्सेटमध्ये छापून आलं आहे. हेच व्यवस्थापनाला दाखवा.

पारसिक

पुढे पाठवण्याबद्दल. जखमेच्या बाजूचा दात टोकदार असेल किंवा कवळी घासत असेल तर आधी ते कारण दूर करून दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. त्या दोन आठवड्यांची तारीख चिठ्ठीवर लिहा. नाहीतर बी-कॉम्प्लेक्स, मलम, पुन्हा दुसरं मलम यात तीन-चार महिने सहज जातात.

जखम भरली नाही, किंवा पहिल्यांदाच कडक लागली, तर बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणं. "सुई लावली की पसरतो" हा समज पक्का रुजलेला आहे, तो शिबिरातच खोडा. तुकडा घेतल्याने कर्करोग पसरत नाही, उशिराने पसरतो. हलणारा दात गाठीजवळचा असेल तर बायोप्सीआधी उपटू देऊ नका.

तुमच्या बाजूला नेरूळ आणि कामोठ्याच्या दंत महाविद्यालयांत तोंडाच्या विकारांचा स्वतंत्र विभाग असतो, बायोप्सीसाठी तिथे पाठवा. ठाण्याकडे राहणाऱ्यांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ पडतं. निदान पक्कं झालं की टाटा स्मारक केंद्र, त्याचंच खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्रही. बायोप्सीचा रिपोर्ट सोबत द्याच, शिवाय त्या तुकड्याच्या काचेच्या स्लाइड आणि तो ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळाही मागून घ्यायला सांगा. नाहीतर पुन्हा तुकडा काढावा लागू शकतो.

तिसरी_पाळी

खर्चाचं आधीच बघून ठेवा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारे ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) येतात, पण कंत्राटी लोकांची कार्डं चालू आहेत का ते ठेकेदाराकडून शिबिराआधी तपासून घ्या. बाकीच्यांसाठी राज्य सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना. त्यांची रेशन कार्डं आणि आधार तयार ठेवा.

निकाल कंपनीला नावानिशी देऊ नका, फक्त एकूण संख्या द्या. नोकरी जाईल या भीतीने लोक चिठ्ठीच फाडतात. चिठ्ठी मिळालेल्यांची वही एका माणसाकडे ठेवा: नाव, फोन, जागा (उजवा गाल, डावी खाच वगैरे), कुठे पाठवलं, कोणत्या तारखेला. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला फोन. दवाखान्याच्या दिवसाचा पगार कापणार नाही, हे व्यवस्थापनाकडून शिबिराआधी लेखी घ्या. रोजंदारीवरचा माणूस खाडा पडेल म्हणूनच जात नाही.

तंबाखू सोडायची असेल तर राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, फुकट आहे. नंबर चिठ्ठीच्या मागेच छापा.

खाडीकाठ

वही, फोन आणि पगाराचं लेखी पत्र हे डोक्यातच नव्हतं. पॅकेज रद्द करतो. चिठ्ठीचा नमुना तयार झाला की इथेच टाकतो, दुरुस्त्या सुचवा.

पारसिक

जरूर. चिठ्ठीवर तोंडाचं साधं रेखाचित्र ठेवा म्हणजे चट्टा कुठे होता त्यावर खूण करता येईल. मापही मिलिमीटरमध्ये लिहा. पुढच्या तपासणीत वाढला की तेवढाच आहे, हे त्यावरूनच कळेल.