फॅट बाइकच्या टायरमध्ये हवा किती ठेवता? अनुभव लिहा

मागच्या दिवाळीत फॅट बाइक घेतली. ४ इंची टायर, सस्पेन्शन नाही, वजन १८ किलो. टायरवर ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय म्हणून दुकानात तेवढी हवा टम्म भरून दिली. पहिल्याच रविवारी गुहागरजवळ सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) जांभ्याच्या वाटेने गेले, तर सायकल चेंडूसारखी टप्पे खात होती. मनगटं दोन दिवस दुखली. टायरवरचा आकडा ही वरची मर्यादा असते, तेवढी भरायची नसते, हे नंतर कळलं. थोडी थोडी सोडत आता ९ वर आलेय. दगडगोटे टायरच पोटात घेतो, पण डांबरावर सायकल कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी चालते.

तुम्ही किती ठेवता, कुठल्या वाटेवर, आणि त्यापायी काय काय घडलं? स्वतःचं वजनही लिहा. दोन-चार किलो कमी लिहिलंत तर कुणी काटा घेऊन येणार नाही.

पुळणवाला
वजन ८४. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर ८ पुरते. भुसभुशीत कोरड्या पुळणीवर ५. त्याखाली गेलं की हँडल आपल्या मनानेच वळायला लागतं, विशेषतः पुढच्या चाकात हवा कमी असेल तर. मुरूडच्या किनाऱ्यावरून वर आलो, हवा भरायचा कंटाळा केला आणि तसाच ५ वर सिमेंटच्या रस्त्याला लागलो. वळणावर टायर रिमखाली दुमडला, कोपर सोलून निघालं. ह्या टायरचं पोट इतकं मोठं की हातपंपाने परत भरताना दंड भरून येतात. तरी आता भरतो. आणि घरी आल्यावर चेन गोड्या पाण्याने धुवा. खारं पाणी आठवड्यात गंज चढवतं. (विषयांतर झालं, पण राहवलं नाही.)

माळरानी
ताई, आधी गेजचं (हवा मोजायच्या काट्याचं) बघा. तुमचे ९ खरंच ९ आहेत का? माझ्या फूटपंपाचा काटा १० च्या खाली नुसता लोळत पडलेला असायचा. ६ आणि १० त्याला सारखेच. मी ० ते १५ चं वेगळं गेज घेतलं तेव्हा कळलं की ज्याला मी ८ समजत होते ते ११ होतं. ह्या सायकलला एका पीएसआयने फरक पडतो, बारीक टायरच्या रोड बाइकवाल्यांना पाचानेही कळत नसेल.
वजन ५२, सोलापूरकडचं माळरान. पुढे ६, मागे ७. ढोपराएवढ्या चाकोऱ्या आणि मुरूम आरामात जातात. त्रास हवेचा नाही, सराट्यांचा आणि बाभळीच्या काट्यांचा. दोन ट्यूबांची चाळण झाल्यावर आत सीलंट (भोकं आतून बुजवणारा द्रव) ओतलं.
दुसरं म्हणजे कमी हवेत ब्रेक मारला की टायर रिमवर सरकतो, ट्यूबही सोबत ओढली जाते आणि वाल्व तिरका होतो. सरळ केला नाही तर मुळाशी फाटतो, आणि त्याला पंक्चरचा पॅच चालत नाही. निघण्याआधी वाल्वकडे एक नजर टाकाच.

दणकट
वजन ९५. मागे १२, पुढे १०. काही घडलं नाही.

बर्फातला मराठी
मी मिनेसोटात. इथे हिवाळ्यात फॅट बाइकसाठी बर्फ दाबून वाटा करतात. चाकाची चाकोरी इंचभर खोल पडायला लागली की हवा आणखी सोडायची, तरी रुतलं तर घरी जायचं, नाहीतर मागच्याची वाट बिघडते. घरात २० अंशांना ६ भरली होती. बाहेर उणे १५. अर्ध्या तासात सायकल लडबडायला लागली, पंक्चर शोधत बसलो. पंक्चर नव्हतंच, थंडीने हवा आकसून साडेतीनवर आली होती. आता सायकल तासभर बाहेर ठेवतो आणि मग मोजतो.

घाटमाथा
वरच्यांच्या उलट माझं. पोलादपूरला ८ भरून सायकल गाडीत टाकली, आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढलो. वर टायर कडक. कुणी हात लावला नव्हता. साडेतेराशे मीटरवर बाहेरच्या हवेचा दाब कमी, त्यामुळे गेजवर दीडेक पीएसआय जास्त. कारच्या टायरला ते जाणवत नाही, पण ८ मधले दीड म्हणजे बरंच. म्हणून वाटेच्या तोंडाशी उभं राहून मोजा.

पाखाडीप्रेमी
६ वर पाखाडी उतरलो, हौसेने. तिसऱ्या पायरीच्या कडेवर रिम ठण्णकन आपटली. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. दगडी कडा असतील तिथे मी ९ च्या खाली जात नाही (वजन ७०). सोपी परीक्षा: पुढच्या चाकावर अंगाचा भार टाकून जोरात दाबायचं. रिम जमिनीला लागल्याची जाणीव झाली तर हवा कमी आहे.

धागाकर्ती
माळरानी, गेज मागवलं. माझे ९ म्हणजे साडेबारा निघाले! काल त्याच सड्यावर खरे ९ घेऊन गेले, वजन ६१. सायकल ५ किलोने हलकी झाल्यासारखी वाटली. मागचा वाल्व मात्र तिरका झालाय. सगळी हवा सोडून टायर फिरवावा लागतो की थोडी सोडून जमतं?

माळरानी
सगळी सोडा. दोन्ही बाजूंनी टायर रिमपासून सुटा करा, वाल्वच्या विरुद्ध बाजूने सुरू करून हाताने फिरवा. साबणाचं पाणी लावलंत तर पटकन होतं.