पक्षाविरुद्ध मत दिलं नाही म्हणून कणा नाही?

वर एकांनी लिहिलंय की आपल्या खासदाराने पाच वर्षांत एकदाही पक्षाविरुद्ध मत दिलं नाही, म्हणजे त्याला कणाच नाही. मला हे अर्धवट वाटतं.

1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने व्हिप (म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश) मोडून मत देणं, किंवा नुसतं तटस्थ राहणंसुद्धा, अपात्रतेचं कारण केलं. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तर वाचलात, नाहीतर खासदारकी गेली. याउलट अमेरिकेत रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी 28 जुलै 2017 च्या पहाटे सिनेटमध्ये अंगठा खाली केला आणि स्वतःच्याच पक्षाचं आरोग्य विधेयक 49 विरुद्ध 51 ने पाडलं. त्यानंतरही ते सिनेटरच राहिले. आपल्याकडे असं करणाऱ्याला पुन्हा निवडणूक लढवावी लागेल.

मला जास्त डाचतं ते वेगळंच. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने संमत होतात, त्यामुळे कोण 'हो' म्हणालं आणि कोण 'नाही', याची नावानिशी नोंदच नसते. सप्टेंबर 2020 मध्ये राज्यसभेत विरोधक कृषी विधेयकांवर मतविभाजन, म्हणजे प्रत्येकाचं मत नोंदवणारं मतदान, मागत होते, तरी ती आवाजीनेच संमत झाली. इतक्या मोठ्या विषयावरही मतदाराच्या हाती कागद नाही! मग खासदाराची हजेरी आणि त्याने विचारलेले प्रश्न मोजत बसायचं, दुसरं काय?

विश्वासदर्शक ठराव आणि अर्थविषयक विधेयकं सोडून इतरत्र खासदाराला मोकळीक द्यावी, असं खासगी विधेयक (सरकारने नव्हे, खासदाराने स्वतः मांडलेलं) काँग्रेसचेच खासदार मनीष तिवारी यांनी 2010 मध्ये काँग्रेस सत्तेत असतानाच मांडलं होतं. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण त्याआधी प्रत्येक विधेयकावर बटण दाबून मतदान सक्तीचं करा.