कन्सल्टंट निवडताना पण दरच बघायचा? वर्ल्ड बँकेच्या नियमांबद्दल

नदीकाठ
आमची पुण्यातली छोटी फर्म आहे, पाणीपुरवठा आणि सांडपाण्याचे डीपीआर (प्रकल्पाचे सविस्तर अहवाल) करतो. वर्ल्ड बँकेचा पैसा असलेल्या एका कामात (राज्य सांगत नाही, खात्याचं नाव तर अजिबात नाही, अजून तिथंच बिलं अडकलीत) टेक्निकलला (क्वालिटीच्या मार्कांत) आम्ही सगळ्यात वर होतो आणि फायनान्शियल (दराचा प्रस्ताव) उघडल्यावर गेलो, कारण दुसऱ्याने आमच्या निम्मा दर टाकला होता. निम्मा! त्या पैशात टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) घेऊन गावोगाव फिरणाऱ्या पोरांचा पगार निघत नाही, टीम लीडर तर सोडाच. 80:20 होतं (80 टक्के वजन टेक्निकलला, 20 दराला) तरी गेलो. आमचे साहेब म्हणतात हे आपल्या कन्सल्टंट असोसिएशनने फिडिकमार्फत (कन्सल्टिंग इंजिनिअरांची जिनिव्हातली आंतरराष्ट्रीय संघटना) बँकेकडे मांडायला हवं. तर विचारायचं असं की अशा मांडण्याने कधी काही बदललंय का, की नुसतंच जिनिव्हात चहा-बिस्किटं?

चष्मा_वर
निम्म्या दरापुढे 80:20 पण वाचवत नाही हो, आकडे टाकून बघा. समजा तुमचे टेक्निकल 90 आणि दर 1 कोटी 20 लाख, त्याचे 78 आणि दर 60 लाख. सगळ्यात कमी दराला 100 मार्क, म्हणून तुम्हाला 50. तुमची बेरीज 72 अधिक 10, म्हणजे 82. त्याची 62.4 अधिक 20, म्हणजे 82.4. पॉइंट चारने घरी. तोच 80 लाखांवर असता तर तुम्ही 85.33 आणि तो परत 82.4, काम तुमचं. पण रेशो 70:30 असता तर 80 लाखांतही तोच जिंकला असता, 84.6 ला 83. म्हणजे टेंडर निघायच्या आधी ज्याने वजन ठरवलं त्याने अर्धा निकाल तिथंच लावला. आणि 90 ला 78 एवढा फरक तरी कोण देतं, कमिटी सगळ्यांना 82 ते 86 मध्ये बसवते, कुणाशी वाकडं नको, मग उरतो फक्त दर.

जुना_मसुदेवाला
चहा-बिस्किटं असतात, नाही म्हणत नाही. फिडिक 1913 पासून आहे आणि आपल्याकडची सीईएआय (कन्सल्टिंग इंजिनिअरांची भारतातली संघटना) तिची सभासद, आणि त्यांचं म्हणणं वर्षानुवर्षं एकच, आधी क्वालिटीवर एक फर्म निवडा आणि मग तिच्याशीच दर बोला, म्हणजे क्यूबीएस. अमेरिकेत केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग कामांना 1972 च्या ब्रूक्स कायद्याने हेच लागू आहे, तिथं काही आभाळ कोसळलं नाही. बँकेच्या नियमांतही क्यूबीएस आहे, पण किचकट आणि खास कामांसाठी, रोजच्या कामाला क्यूसीबीएसच, म्हणजे क्वालिटी आणि दर दोन्हींचे मार्क.
काही बदललं का, तर हो, पण आपल्या दुखण्यावर नाही. कंत्राटांच्या मसुद्यात फिडिकचं चांगलंच चालतं, 2005 मध्ये विकास बँकांसाठी वेगळं पिंक बुक (कंत्राटाचा नमुना मसुदा) निघालं, 2019 मध्ये वर्ल्ड बँकेने फिडिकची 6 कंत्राटं वापरायचा 5 वर्षांचा करार केला. बँकेचे आत्ताचे खरेदी नियम जुलै 2016 पासूनचे, त्याआधी खुला सल्लामसलतीचा मोठा फेरा झाला, त्यातून व्हॅल्यू फॉर मनी (पैशाचा पुरेपूर मोबदला) हा शब्द सगळीकडे आला. शॉर्टलिस्टला (ज्यांच्याकडून प्रस्ताव मागवायचे त्या फर्मांची यादी) आधी 6 फर्म लागायच्या ते 5 ते 8 झालं. गंमत म्हणजे सप्टेंबर 2023 पासून मोठ्या आंतरराष्ट्रीय टेंडरांत बांधकामाला आणि मालालासुद्धा क्वालिटीचे मार्क आले आणि आपण कन्सल्टंट अजून निम्म्या दराशी भांडतोय.

खात्यातला_माणूस
तुम्ही सगळे टेबलाच्या त्या बाजूने बोलताय. कमी दरवाल्याला दिलं तर कुणी विचारत नाही, महागाला दिलं की ऑडिट पॅरा (लेखापरीक्षणातला आक्षेप), आणि तो पॅरा रिटायर झाल्यावर पण घरी येतो. आपल्या सरकारी पैशाला जीएफआर 2017 मध्ये (केंद्र सरकारचे वित्तीय नियम) टेक्निकलचं वजन 80 टक्क्यांच्या वर न्यायलाच मनाई आहे. आणि क्यूबीएस म्हणजे एकाशीच बसून दर ठरवायचा, ती फाईल सही करून दाखवा मग बोलू. बांगलादेशच्या पद्मा पुलाचं आठवा. बँकेने 2012 मध्ये 120 कोटी डॉलरचं कर्ज रद्द केलं आणि संशय होता देखरेखीच्या कन्सल्टन्सी कामावर. पुढे 2017 मध्ये कॅनडाच्या कोर्टात आरोप टिकले नाहीत, बांगलादेशने स्वतःच्या पैशाने पूल बांधून 2022 मध्ये सुरूही केला, पण मधल्या काळात अधिकाऱ्यांची काय वाट लागली असेल. आणि या असोसिएशनांत बोलतात कोण, तर मोठ्या फर्म. क्वालिटी म्हणजे त्यांचा टर्नओव्हर आणि परदेशी सीव्ही, तुमच्यासारख्या छोट्यांचं त्यात काय भलं होणार?

जुना_मसुदेवाला
साहेब, मोठ्यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ज्याचा सीव्ही दाखवून मार्क घेतले तो माणूस साइटवर येतच नाही, हे आम्हीच लोक करतो आणि त्यावर संघटना हळू आवाजात बोलतात. पण ऑडिटच्या भीतीचा उपाय नियम लिहिणाऱ्याकडेच आहे ना, म्हणून तर तिथं जाऊन बोंब मारायची.

मॅनमंथ_मोजणारी
फिडिक जाऊ द्या, नदीकाठ दादा, काँट्रॅक्ट टाइम-बेस्ड (लागलेल्या वेळेचे पैसे) होतं की लम्पसम (एकरकमी)? बँकेच्या स्टँडर्ड आरएफपीत (प्रस्ताव मागवायची कागदपत्रं) टाइम-बेस्ड असेल तर की-एक्स्पर्टचे (मुख्य तज्ज्ञांचे) किमान मॅनमंथ (एका माणसाचं महिनाभराचं काम) आरएफपीच्या डेटाशीटमध्ये देता येतात आणि कुणी कमी दाखवले तर तेवढे पैसे त्याच्या दरात मिळवून मगच तुलना होते. लम्पसमला दरात अशी भर घालत नाहीत, तिथं तो टीम लीडर 3 महिनेच ठेवीन म्हणाला तरी दर कमीच धरला जातो. संघटनेने नुसतं क्वालिटी क्वालिटी करण्यापेक्षा डीपीआरची कामं लम्पसमवर काढू नका एवढं एकच मागितलं तरी खूप झालं. पुढच्या वेळी क्लॅरिफिकेशनच्या (शंका विचारायच्या) तारखेआधी लेखी विचारा, उत्तर सगळ्या शॉर्टलिस्टला जातं आणि कधीकधी दुरुस्तीही निघते.

नदीकाठ
लम्पसमच होतं. आम्ही क्लॅरिफिकेशनला फक्त बिलांच्या टप्प्यांचं विचारलं.

मॅनमंथ_मोजणारी
इंटेन्शन टू अवॉर्डची (काम कुणाला द्यायचं ठरलंय याची) नोटीस आली का? आली असेल तर 3 कामाच्या दिवसांत डीब्रीफिंग (आपण का गेलो याचा खुलासा) मागता येतं, स्टँडस्टिल (करार करण्याआधी थांबायचा काळ) साधारण 10 कामाच्या दिवसांचा असतो, त्यात तक्रारही करता येते. त्याने किती मॅनमंथ दाखवले हे कदाचित सांगणार नाहीत, पण तुमचे मार्क कुठे गेले ते सांगावं लागतं.

नदीकाठ
शुक्रवारी संध्याकाळी आली. साहेब म्हणतात कशाला वाईटपणा घ्यायचा.

मॅनमंथ_मोजणारी
डीब्रीफिंग म्हणजे तक्रार नाही म्हणावं त्यांना. बुधवारच्या आत मेल टाका.