चार वर्षं झाली, तरी मिसळत नाहीत : चूक कुणाची?

कुपवाडकर काका
मंडळी, विषय नाजूक आहे, पण मांडतो. सांगलीजवळ कुपवाडला एमआयडीसीच्या अलीकडं माझं घर आहे. मागच्या बाजूला दोन खोल्या काढल्यात. तिथं चार वर्षांपासून गोरखपूरकडचं एक कुटुंब राहतंय. नवरा फाउंड्रीत, बायको घरात, पोरगं इथंच जन्मलं. माणूस सरळ आहे, भाडं पाच तारखेच्या आत हातात. पण चार वर्षांत त्याला मराठीचं एक धड वाक्य येत नाही. गणपतीची वर्गणी मागितली की लगेच देतो, आरतीला बोलावलं की मात्र दारातूनच हात जोडतो आणि आत जातो.

सराफ कट्ट्यावर बंगाली कारागीर, फरशीला राजस्थानी, पीओपीला बिहारी. प्रत्येकाचा आपला गोतावळा, आपलं जेवण, आपली भाषा. ज्या गावात पोट भरतो त्या गावाची बोली शिकायला नको? माझं मत स्पष्ट आहे, मिसळायची जबाबदारी येणाऱ्याची. पटत नसेल तर खुशाल खोडा.

लेथवाला
काका, शंभर टक्के. पण भाषा राहू दे बाजूला, आमचं दुखणं वेगळं आहे. मी त्याच एमआयडीसीत बारा वर्षं काढली. ठेकेदार तोंडावर सांगतो, तुम्ही गावची पोरं यात्रेला सुट्टी काढता, पाहुण्यातल्या लग्नाला काढता, बेंदराला काढता. हे लोक शेडमध्येच झोपतात, रात्री अकराला उठवलं तरी मशीनवर हजर.

विटेकर, तिसरी पिढी
काका, खोडायला सांगितलंत म्हणून सविस्तर लिहितो, राग मानू नका.

आमचं गाव खानापूर तालुक्यात. आजोबा पावण्याबरोबर केरळात गेले, त्रिशूरला. गलाईच्या दुकानात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सोनारांकडचं जुनं सोनं वितळवायचं, ॲसिडमध्ये टाकून त्यातली चांदी-तांबं वेगळं काढायचं आणि शुद्ध सोनं परत द्यायचं, हा आमचा धंदा. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, पलीकडं माण-खटाव, या सगळ्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं या एका धंद्यावर देशभर पसरली. शेतात कुसळं उगवायची, म्हणून गेली. हौस म्हणून कुणी गेलं नाही.

आजोबांना मल्याळम यायचं का? फाडफाड. पण का यायचं ते बघा. गिऱ्हाईक मल्याळी, तोळ्याचा हिशेब मल्याळीत, टंच म्हणजे सोन्याची शुद्धता, ती कमी निघाली तर भांडण मल्याळीत. भाषा आली नसती तर दुकान बसलं असतं. आता घरात काय होतं? आजी तिथं बावीस वर्षं राहिली, तिला भाजीवाल्याशी बोलण्यापुरतं यायचं, बस्स. स्वयंपाकाला नारळाचं तेल तिनं शेवटपर्यंत वापरलं नाही, शेंगतेल गावाकडनं डब्यानं जायचं. लग्नं सगळी गावाकडं. दुकानात कामाला पोरं ठेवायची तीसुद्धा गावचीच, भाचा नाहीतर चुलतभाऊ. तिथं मराठी मंडळ होतं, शिवजयंती व्हायची. ओणमला शेजारी बोलवायचे, आजोबा जाऊन यायचे, आजी दारातनंच हात जोडायची. तुमच्या भाडेकरूसारखी.

म्हणजे आम्ही तिथं मिसळलो होतो का नव्हतो, तुम्हीच सांगा. आणि गंमत बघा, सोनं वितळवायला आपली माणसं केरळात आणि सोनं घडवायला बंगाली सांगलीत!

जावळीकर
विटेकर, अगदी आमच्या घरातलं लिहिलंत. साताऱ्याकडची आमची माणसं मुंबईला गिरणीत. गावाची एक खोली असायची, तिथं पाळीपाळीनं झोपायचं, पहिली पाळी उठली की दुसरीनं त्याच वळकटीवर आडवं व्हायचं. जेवण खानावळीत, तीही गावच्याच बाईची. १९८२ च्या संपानंतर वडील परत आले. चाळीस वर्षं घराण्याची मुंबईत गेली, पण तिथली माणसं काय म्हणायची? घाटी. आणि आम्ही तर मराठीच बोलत होतो की.

कुपवाडकर काका
विटेकर, तुमच्या आजोबांना भाषा आली हेच तर मी म्हणतोय! ते शिकले, मग याला शिकायला काय होतंय?

विटेकर, तिसरी पिढी
काका, एक विचारू? तुम्ही त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलता?

कुपवाडकर काका
हिंदीत. त्याला समजायला नको?

विटेकर, तिसरी पिढी
बघा म्हणजे. त्रिशूरला आजोबांशी कुणी हिंदीत बोललं नाही. बोलायला तिथल्या लोकांना येतच नव्हती, आणि आजोबांनाही तेव्हा कुठं येत होती? म्हणून मल्याळम आलं. आपण माणूस जरा सावळा, पान खाणारा दिसला की लगेच ‘क्या भैय्या, कितने का दिया’ सुरू. भाजीवाल्याला मराठी येत असलं तरी आपणच त्याला हिंदीत ओढतो. आणि आपली ती हिंदी! ‘पाणी गिर्‍या’, ‘गाडी वळवके लाव’. चार वर्षं तुम्ही त्याला ही हिंदी शिकवलीत, मराठी कधी शिकवणार?

सांगलीकर बाई
हसून पोट दुखलं. आमचे हे रिक्षावाल्याला म्हणतात, ‘थोडा पुढे लेके थांबो’.

लेथवाला
हसा. पण बँकेत, दवाखान्यात, एसटीत उद्या सगळं हिंदीत सुरू झालं तर रडू नका. विटेकर, तुमच्या आजोबांच्या मागं दुकान होतं, मालक होते ते. दुकानदाराला भाषा शिकावीच लागते, आमच्या शेडमधल्या माणसाला शिकावी लागत नाही. कारण मुकादम त्याचाच, खोलीवाले त्याचेच, स्वयंपाक करणारा त्याचाच. मराठीची गरज पडेल कुठं?

विटेकर, तिसरी पिढी
हे मात्र बरोबर बोललात. गरज पडली तर भाषा येते. वाद मिटला म्हणत नाही, पण मुद्दा हाच आहे.

पालिकाशाळेतली बाई
मी शिक्षिका आहे, शाळेचं नाव नको. पहिलीच्या वर्गात निम्मी मुलं बाहेरून आलेल्यांची असतात. आधी ‘ळ’ येत नाही, ‘बाल’ आणि ‘बाळ’ एकच. दिवाळीपर्यंत ‘ळ’ येतो, संक्रांतीला तिळगूळ घ्या गोड बोला म्हणतात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आपल्या पोरांना शिव्यासुद्धा मराठीतनं देतात. तक्रार माझ्याकडं येते, मला मनातनं आनंद होतो.

एक प्रसंग सांगते. तिसरीतली एक मुलगी आईबरोबर शाळेत आली होती, दाखल्याचं काम होतं. मी मराठीत बोलायची, मुलगी आईला भोजपुरीत सांगायची, आई उत्तर द्यायची, मुलगी मला मराठीत सांगायची. मध्येच आई बरंच काहीतरी लांबलचक बोलली आणि मुलगी मला म्हणाली, ‘काय नाही बाई, उगीच बोलतीय.’ आठ वर्षांची पोर! घरातला कारभार तिच्या जिभेवर चाललाय.

काका, तुमच्या भाडेकरूचं पोरगं शाळेत जातं का हो? बापाचं सोडा, ते कसं बोलतं ते ऐका.

मिरजकर
आपल्याकडं बाहेरचे म्हणजे कोण, हे एकदा ठरवा. चिंतामणराव पटवर्धन १८०१ च्या सुमारास मिरजेतनं वेगळे झाले आणि सांगली वसवली. पेठ उभी राहिली ती बाहेरचे व्यापारी येऊन. आमच्या मिरजेत गायक अब्दुल करीम खाँ आले ते उत्तरेतल्या कैरान्याहून. इथं राहिले, मराठी नाट्यपदं गायले, १९३७ साली गेल्यावर दर्ग्यातच विसावले. आज त्यांना कुणी बाहेरचं म्हणतं का?

लेथवाला
मिरजकर, खाँसाहेबांचं उदाहरण फाउंड्रीतल्या माणसाला लावू नका हो. त्यांच्यासाठी संस्थानिकांची दारं उघडी होती, शिष्य पाय चेपायला बसलेले. याला गल्लीतलं दार कोण उघडतंय?

मिरजकर
अहो, दार उघडलं तर मिसळता येतं, हेच मी म्हणतोय. तुम्ही माझंच बोललात.

ऊसवाला, वाळवा तालुका
हे सगळं वाचून मला एक सांगायचंय. भाषा भाषा करताय ना? आमच्या कारखान्यावर दर हंगामाला बीडकडनं टोळ्या येतात. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं आली, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पाच महिने इथं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडनं उचल घेतलेली, ती फेडायची. कारखान्याच्या माळावर पाचटाच्या कोप्या.

ही माणसं मराठी बोलतात. विठोबाला जातात. आपल्यासारखीच भाकरी खातात. बाप यायचा, आता पोरगा येतो, पुढं नातूही येईल. आता मला सांगा, गावात कुणी त्यांना हळदीकुंकवाला बोलवलंय? त्यांची पोरं साखरशाळेत, नाहीतर फडात पाचटावर झोपलेली. मी स्वतः वीस वर्षं ऊस घालतोय, माझ्या उसाचा कोयता बहुतेक तोच येतो, आणि त्या बाईचं नाव मला ठाऊक नाही. आत्ता लिहिताना लक्षात आलं. ‘ए मावशी’ एवढंच.

मग मराठी आली की मिसळतात, हे कशावरनं?

जावळीकर
ऊसवाले, जबरदस्त.

कुपवाडकर काका
ऊसवाले, ते हंगामी आहेत. येतात, जातात. त्यांची आणि चार वर्षं राहणाऱ्याची तुलना नको.

ऊसवाला, वाळवा तालुका
वर्षातले पाच महिने, असे वीस हंगाम. हिशेब करा काका, तुमच्या भाडेकरूपेक्षा जास्त भरतात.

वाडीवाला
माझे आजोबा किर्लोस्करवाडीला कामाला होते, म्हणून दोन ओळी. लक्ष्मणराव किर्लोस्करांची बेळगावातली जागा गेली, औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला, तिथं १९१० ला कारखाना निघाला. निवडुंग आणि साप असलेला माळ. कामगार ठिकठिकाणचे. पण कारखान्याबरोबर घरं बांधली, शाळा काढली. दोन पिढ्यांत सगळे वाडीकर झाले. आताच्या कारखानदाराला माणूस हवा, माणसाचं घर नको. ते कुठंतरी काकांच्या मागच्या दोन खोल्यांत.

पालिकाशाळेतली बाई
घराचं निघालंच आहे तर काकांना विचारते. भाडेकरार केलाय का तुम्ही?

कुपवाडकर काका
नाही. खोटं कशाला बोलू. अकरा महिन्यांचा करायचा, वकील, स्टॅम्प, पुन्हा दरवर्षी तेच. शिवाय कागद झाला की माणूस उठत नाही अशी भीती असते. पोलीस ठाण्यात माहिती मात्र दिलीय.

पालिकाशाळेतली बाई
म्हणजे त्याच्या आधारवर पत्ता अजून गावाकडचा. गॅसचं कनेक्शन नाही, त्यामुळं पाच किलोची छोटी टाकी भरून आणत असेल, किलोमागं जास्त पैसे मोजून. बँकेत पत्ता मागितला की थांबला. पोरगं मोठं होईल, कागद मागितले जातील, पुन्हा थांबला. चार वर्षं झाली तरी कागदावर तो गोरखपूरलाच राहतोय काका! पोलीस ठाण्यात नोंद आहे, पण ती तुमच्या भीतीपायी, त्याच्या सोयीसाठी नाही. अशा माणसानं आरतीला मोकळेपणानं यावं कसं? उद्या खोली खाली कर म्हटलं तर तो कुठल्या हक्कानं काय बोलणार?

गावभाग
यात भर घालते. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, आमचं घर माळ्यापर्यंत बुडालं. आम्ही सांगलीचे, पाच पिढ्यांचे. एका शाळेत आठ दिवस काढले. पाणी भरायला रांगेत उभं राहिलं की तिथल्या लोकांची ती नजर, ‘किती दिवस राहणार हे’. बस, तेवढ्या आठ दिवसांत मला भाडेकरू कळला. आमच्यात दोन बिहारी पोरं होती, जिन्यावर बसायची. ती आम्हाला विचारून विचारून मराठी शिकली, कारण आम्हालाही बोलायला तेवढेच उरले होते.

लेथवाला
हे सगळं छान आहे, डोळ्यात पाणी आणणारं आहे. पण पगाराचं कुणी बोलेना. मी त्या माणसावर नाही, ठेकेदारावर रागावलोय, हे आधी सांगतो. आंतरराज्य कामगारांसाठी कायदा १९७९ साली झाला, त्यात विस्थापन भत्ता होता, येण्याजाण्याचं भाडं होतं. आमच्या शेडमध्ये कुणी एक रुपया बघितला नाही. ते दिलं असतं तर बाहेरचा माणूस ठेकेदाराला स्वस्त पडलाच नसता, आणि माझा ओव्हरटाइमही गेला नसता. २०२० च्या मार्चला सगळं बंद झालं तेव्हा त्याच पोरांचा फोन ठेकेदारानं उचलला नाही. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हा गेले. तीन महिन्यांनी त्यांनाच विमानाचं तिकीट काढून परत आणायला तयार होता! आम्हाला मात्र त्या तीन महिन्यांत कुणी विचारलं नाही की तुम्ही येता का मशीनवर.

विटेकर, तिसरी पिढी
लेथवाले, याला माझ्याकडं उत्तर नाही. आमच्या गलाईच्या दुकानातही पोरगा गावचाच ठेवायचो, तो स्वस्त आणि ऐकणारा म्हणूनच. त्रिशूरच्या पोरांचं काम आम्ही घेतलंच म्हणायचं.

कुपवाडकर काका
काल संध्याकाळी त्याला बोलावून चहा दिला. ठरवून मराठीत बोललो. तो हिंदीत उत्तर देत राहिला, मी मराठीत. सगळं कळत होतं त्याला! मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? म्हणाला, चुकलं की लोक हसतात. त्याचं पोरगं मध्येच माझ्या नातवाला म्हणालं, ‘सरक की जरा.’

करार करायचं म्हटलं तर त्यानंच विचारलं, भाडं वाढणार का? अकरा महिन्यांचा करतो, वकील बघतोय. पण मराठीचं माझं म्हणणं मागं घेत नाही, हे लिहून ठेवा. आणि यंदा आरतीला तो आला नाही तर पुन्हा धागा काढणार.

लेथवाला
काढा काका. तोवर आमची नवीन पाळी कुणाला मिळते तेही कळेल. सोमवारी यादी लागतीय.