मदत हवी आहे : आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच क्रूझवर

नमस्कार मंडळी. आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत, म्हणून दिवाळीनंतर मुंबई-गोवा क्रूझ बुक केली आहे. आम्ही कोथरूडचे, घरात कुणीच आजवर बोटीत राहिलेलं नाही.

पहिली काळजी आईची. वरंधा घाटात चौथ्या वळणालाच तिला मळमळायला लागतं. बोटीच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर डोल कमी लागतो असं वाचून तशीच केबिन घेतली. पण तिथे खिडकी नाही, आणि आईला बंद खोलीत घुसमटतं. खिडकीची खोली घेऊन डोल सोसावा का? आले-लिंबाच्या गोळ्यांवर भागतं, की डॉक्टरांकडून औषध घ्यावंच? तिला बीपीची गोळी चालू आहे.

बॅगा बंदरावरच जमा करतात आणि केबिनमध्ये उशिरा पोचतात म्हणे, त्यामुळे औषधं, आधार कार्ड आणि एक जोड कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवणार आहे. इस्त्री आणि किटली नेत नाही. आईने मात्र डिंकाचे लाडू आत्ताच डब्यात भरलेत. घरचं खाणं नेऊ देतात का? काढून घेतलं तर तिला फार लागेल.

बाबा रात्रीच्या जेवणाला झब्बा-पायजमा आणि कोल्हापुरीच घालणार. चालेल ना? केबिन साफ करणाऱ्यांना बक्षिसी रोज द्यावी की उतरताना? त्यांचा मान राहील असं करायचंय.

शिवाय, सुरक्षेच्या कवायतीत गुडघेदुखीवाल्यांना किती वेळ उभं राहावं लागतं? बाबांना दहा मिनिटंही जड जातात.

ज्येष्ठांना घेऊन जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.